घरातील यांत्रिक रंधा

सुताराच्या हातातील रंधा हे मोठे बोलके हत्यार आहे. फळीवरून तो धावू लागला की लाकडाचा स्वभाव हळूहळू उघड होऊ लागतो. गाठ आली की रंधा अडखळतो, तंतूंची दिशा उलटी झाली की तो खरवडू लागतो, आणि एखादा विसरलेला खिळा पात्याला लागलाच तर हात आपोआप थांबतो. पाते, लाकूड आणि कारागिराचे मन यांच्यामध्ये तळहाताचा दुवा असतो. पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम शिकवले गेले ते या दुव्याच्या भरवशावर. हत्यार घट्ट धर, लाकूड काय सांगते ते हाताने ऐक, एवढाच त्या शिक्षणाचा मंत्र होता.

आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, त्याने हा दुवा पार तोडून टाकला आहे. त्याला थिकनेस प्लेनर म्हणतात. आपण त्याला जाडीचा रंधा म्हणू. खडबडीत फळी एका बाजूने आत द्यावी आणि दुसऱ्या बाजूने ती सर्वत्र सारख्या जाडीची व गुळगुळीत होऊन बाहेर यावी, हे त्याचे काम. हाताने जे करावयास अर्धा दिवस लागेल, ते हे यंत्र काही मिनिटांत उरकते. म्हणूनच हौसेने सुतारकाम करणाऱ्यांच्या घरांत, गॅरेजांत आणि गच्चीवरील खोल्यांत ते आता दिसू लागले आहे.

लाकूड यंत्राने रंधण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९१ मध्ये आणि जोसेफ ब्रामा यांनी १८०२ मध्ये अशा यंत्रांची पेटंटे घेतली होती. रूळ लाकूड पुढे ढकलतात आणि फिरती पाती ते तासतात, ही रचना अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांच्या १८२८ सालच्या पेटंटने रूढ झाली. मात्र ही सारी यंत्रे कारखान्यांची होती. अवजड, जमिनीला जखडलेली आणि शिकलेल्या कामगारांच्या हाती असलेली. मेजावर ठेवता येईल असा जाडीचा रंधा बाजारात आला तो १९८० नंतरच्या दशकात. यंत्र घरी आले खरे, पण कारखान्यातील शिस्त त्याच्याबरोबर घरी आली नाही. आपल्या विषयाची निकड येथे आहे.

या यंत्राच्या पोटात काय चालते ते आधी पाहू. मध्यभागी एक गोल दांडा असतो व त्यात दोन किंवा तीन लांब पाती बसवलेली असतात. घरगुती यंत्रात हा दांडा मिनिटाला साधारणतः आठ ते दहा हजार फेरे घेतो. त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन रूळ असतात. ते फळीला वरून दाबून धरतात आणि ठरावीक गतीने पुढे नेतात. समजा, दांडा मिनिटाला ८,५०० फेरे घेत आहे, त्यात दोन पाती आहेत आणि रूळ फळीला मिनिटाला साडेआठ मीटर वेगाने ओढत आहेत. म्हणजे मिनिटाला १७,००० घाव पडतात, आणि दर दोन घावांमध्ये फळी केवळ अर्धा मिलिमीटर सरकते. पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो त्याचे रहस्य हेच. आणि धोक्याचे गणितही हेच. सेकंदाला जवळजवळ २८० घाव घालणाऱ्या या दांड्याला आपल्यासमोर सागवान आहे, खिळा आहे की माणसाचे बोट आहे, हे कळण्याची कोणतीही सोय नाही.

तरीही हे यंत्र वरून पाहता मोठे निरुपद्रवी वाटते. फिरती करवत आपले दात उघड दाखवते, म्हणून माणूस तिला भिऊन वागतो. जाडीच्या रंध्याची पाती आवरणाखाली झाकलेली असतात. दिसते ती फक्त एक सपाट बैठक आणि एक फट. त्यामुळे भीती जाते आणि भीतीबरोबर सावधपणाही जातो. वस्तुतः पात्याला प्रत्यक्ष हात लागून होणारे अपघात येथे टाळणे सोपे आहे. संकट येते ते बहुधा फळीच्या वाटेने. म्हणून माझे मुख्य सांगणे असे की, हाताच्या रंध्यात जे शहाणपण काम चालू असताना वापरता येत होते, ते येथे काम सुरू होण्यापूर्वीच वापरले पाहिजे. फळी एकदा रुळांच्या स्वाधीन झाली की विचार करावयास सवड उरत नाही.

तेव्हा पहिली तपासणी लाकडाची. आपल्याकडे हौशी माणसाच्या हाती पुष्कळदा जुने लाकूड येते. पुण्यानाशिककडील जुने वाडे उतरवले जातात आणि त्यांतील तुळया, दारे, फळ्या विकल्या जातात. ते सागवान सुरेख असते, पण त्याच्या अंगात लोखंड दडलेले असते. खिळ्याचे डोके गंजून गेलेले असते, चुका रंगाखाली लपलेल्या असतात, आणि भेगांत वाळू व चुना भरलेला असतो. अशी फळी आधी तारेच्या ब्रशाने स्वच्छ घासावी, उजेडात तिरपी धरून पाहावी, काळसर डाग दिसेल तेथे टोचून पाहावे, आणि शेवटी लोखंड शोधणारे छोटे उपकरण किंवा निदान एक चांगला लोहचुंबक तिच्यावरून फिरवावा. पाते खिळ्यावर आदळले तर ते खराब होते एवढ्यावरच भागत नाही. त्याचा तुकडा उडू शकतो, आणि ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन पडली तर ती तेथे धुमसत राहू शकते. सैल गाठीही अशाच. फळीतून निखळलेली गाठ बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. ती आधीच काढून टाकावी.

दुसरी तपासणी मापाची. दोन रुळांत जेवढे अंतर असते त्याहून आखूड तुकडा एका रुळाने सोडला आणि दुसऱ्याने अजून धरला नाही, अशा स्थितीत नेमका पात्याखाली येतो. त्या क्षणी त्याला धरणारे कोणीच नसते. तो उलटतो, फुटतो किंवा मागे फेकला जातो. प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात किमान लांबी दिलेली असते, ती पाळावीच. फूट-सव्वाफुटाहून आखूड तुकडा घालू नये, हा सर्वसाधारण नियम मनाशी धरावा. एखाद्याला पोळपाट करावयाचा असेल तर आधी तुकडा कापून मग तो यंत्रात घालण्याचा मोह होतो. क्रम याच्या उलट हवा. लांब फळी आधी रंधून घ्यावी आणि मग तिच्यातून पोळपाट कापावा. तसेच दोन वेगळ्या जाडीच्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून एकदम आत देऊ नयेत. रूळ जाड फळीवर टेकतो. पातळ फळी मोकळी राहते आणि पाती तिला आपल्याच अंगावर भिरकावतात. तंतूंना आडवे घालून फळी देऊ नये, आणि जिच्या पृष्ठभागावर तंतूंची टोके आली आहेत अशा लाकडाला या यंत्रापासून दूरच ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाकडी फळी यात घातली की सरळ होऊन येते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. रूळ तिला दाबून तेवढ्यापुरती सपाट करतात; बाहेर येताच ती पुन्हा पूर्ववत वाकते. फळीला पीळ पडलेला असेल तर ती आत डगमगते व अडकते. म्हणून फळीची एक बाजू हाताच्या रंध्याने किंवा सपाटीच्या वेगळ्या यंत्राने आधी सपाट करावी, ती बाजू खाली ठेवावी आणि मग वरची बाजू तासून घ्यावी. जाडीचा रंधा केवळ खालच्या बाजूची नक्कल करतो. खाली सत्य असेल तर वर सत्य उमटेल.

आता प्रत्यक्ष काम. एका फेरीत किती लाकूड काढावे? घाई असणारा म्हणेल, जितके निघेल तितके. पण फूटभर रुंदीच्या सागवान-शिसवासारख्या कठीण फळीवर अर्धा ते एक मिलिमीटर पुरे. अरुंद आणि मऊ लाकडावर थोडे अधिक चालेल. फळीचा सर्वांत जाड भाग कोठे आहे ते आधी मोजावे आणि पहिली फेरी त्या मापाने लावावी. जास्त खोल घेतले की मोटर गुदमरते, फळी अडकते आणि माणूस तिला हाताने लोटू लागतो. अनर्थाची सुरुवात बहुधा अशीच होते.

उभे राहावे ते यंत्राच्या बाजूला. फळीच्या रेषेत, तिच्या थेट मागे, कधीही उभे राहू नये, कारण मागे फेकली गेलेली फळी त्याच रेषेने येते. फटीशी डोळा नेऊन आत काय चालले आहे ते पाहण्याचे कुतूहल तर पूर्णपणे आवरावे. फळी दोन्ही कडांनी धरावी. बोटे तिच्या खाली असू नयेत. रुळाने फळी पकडताच ती खाली दाबली जाते आणि खालची बोटे फळी व बैठक यांच्यामध्ये चिरडतात. रुळाने पकड घेतली की हात सोडावा, यंत्राच्या दुसऱ्या अंगाला जावे आणि बाहेर येणाऱ्या फळीला केवळ आधार द्यावा. ओढू नये, लोटू नये. फळी लांब असेल तर दोन्हीकडे घोडी किंवा मेज लावून ती समतल राहील असे करावे. टोके लोंबकळू दिली तर पात्याखाली ती अधिक खोल कापली जातात व फळीच्या दोन्ही शेवटांना खळगी पडते.

पोशाखाचा प्रश्न साधा आहे. जे लोंबते ते रूळ ओढून नेतील. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाह्या, मोकळे केस, मनगटावरील दोरा, बोटातील अंगठी, यांपैकी काहीही नको. हातमोजेही नकोत, हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु मोजा रुळात सापडला की त्याच्याबरोबर हातही जातो. हातमोजे घालावेत ते पाती बदलताना, आणि तेही यंत्राची वायर भिंतीतील सॉकेटातून काढून ठेवल्यानंतरच.

फळी मध्येच अडकली तर? प्रथम कळ बंद करावी, मग वायर काढावी, दांडा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, पाती व फळी यांच्यातील अंतर वाढवावे आणि मगच फळी बाहेर घ्यावी. सालपटे बाहेर पडण्याची वाट तुंबली तरी हाच क्रम. आपल्याकडे आणखी एका प्रसंगाची तयारी हवी, ती म्हणजे वीज जाण्याची. वीज गेली, यंत्र थांबले, माणूस सहज आत हात घालून फळी चाचपू लागला आणि तेवढ्यात वीज परत आली, तर सर्वच यंत्रे पुन्हा कळ दाबण्याची वाट पाहत नाहीत. म्हणून दिवे गेले की पहिला हात कळीकडे जावा, ही सवयच लावून घ्यावी. यंत्राला सोळा अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट द्यावे. लांबवलेली वायर जाड असावी आणि पूर्ण उलगडलेली असावी.

येथवर सांगितले ते क्षणात होणारे अपघात. दुसरे दोन धोके मात्र पावलांचा आवाज न करता येतात. एक आवाजाचा. अशी यंत्रे पुष्कळदा १०० डेसिबलच्या आसपास गर्जतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाकाठी ८ तास सोसावा, तर १०० डेसिबल केवळ १५ मिनिटे. कानांवर संरक्षक आवरण नसेल तर एका दुपारची हौस कानांकडून कायमची किंमत वसूल करू शकते, आणि गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही.

दुसरा धोका भुशाचा. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये नाकाचा एक विरळा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो, हे एस्मी हॅडफील्ड, रॉनल्ड मॅकबेथ, डोनाल्ड अचेसन आदी डॉक्टरांनी १९६० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. ते कामगार वर्षानुवर्षे त्या धुळीत श्वास घेत होते, आपण आठवड्यातून एखादा दिवस घेतो, हे खरे. पण घर हे कारखान्यासारखे संध्याकाळी सोडून जाता येत नाही. तीच सूक्ष्म धूळ अंथरुणावर बसते आणि घरातील मुले तीच श्वासाबरोबर आत घेतात. म्हणून भुसा ओढून घेणारे यंत्र जोडावे, नाकावर चांगला मुखवटा व डोळ्यांवर चष्मा असावा, दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि काम संपल्यावर झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ती यंत्राने ओढून किंवा ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. काम चालू असताना मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि काम संपले की वायर काढून यंत्र झाकून ठेवावे.

श्रोतेहो, नियमांची ही यादी लांब वाटेल. पण तिच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. हाताच्या रंध्याने आपल्याला धरावयास शिकवले. हा रंधा आपल्याला सोडावयास शिकवतो. लाकूड पारखून घ्यावे, माप बेताचे लावावे, फळी रुळांच्या हाती द्यावी आणि आपला हात वेळेवर मागे घ्यावा. यंत्राला स्पर्श नाही, दया नाही आणि दुष्टपणाही नाही. या तिन्हींची उणीव भरून काढणारी दक्षता त्याच्या मालकापाशी असली, तर ते घरात एखाद्या कष्टाळू गड्यासारखे वर्षानुवर्षे राबेल. आणि त्याच्या मालकाची दहाही बोटे तयार झालेल्या फळीवरून समाधानाने फिरत राहतील.