जुनं यान, नवं यान आणि खोडदच्या डिश

ऑनलाइन गेममध्ये नवं यान आलं की जुनं भंगारात जातं, आणि ‘वास्तवात असंच होतं’ म्हणून त्याचं समर्थन होतं. बोरी बुद्रुकजवळच्या खोडदचं वास्तव वेगळं आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश नव्वदच्या दशकातल्याच. बदलले ते रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स. बँडविड्थ ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेली यानाचा क्षीण सिग्नल याच डिशनी टिपला. म्हणून गेममध्येही जुन्या यानाचा सांगाडा आणि वजन तसंच ठेवावं, सेन्सर मात्र बदलू द्यावेत. मग नवं यान घेणार कोण? आक्षेप रास्त आहे. पण तारेच्या जाळीची ही डिश साधारण १.५ गिगाहर्ट्झच्या पुढे फारशी चालत नाही, रिसीव्हर कितीही नवा बसवा. जुन्या सांगाड्याची अशीच एक पक्की मर्यादा ठरवली, की नव्या यानाला जागा आपोआप उरते.