बोधचिन्ह सुचते कुठून

बोधचिन्ह ही एखाद्या संस्थेची किंवा व्यवसायाची खूण असते. ती कधी चित्राची असते, कधी नुसत्या अक्षरांची, तर कधी दोन्हींची. बघणाऱ्याला क्षणात ओळख पटावी आणि दुसऱ्या कुणाशी गल्लत होऊ नये, एवढेच तिचे काम. सांगायला हे सोपे वाटते, पण करताना तो डिझायनरच्या कामातला सर्वांत कठीण प्रकार ठरतो. पुस्तकाला पाने मिळतात, जाहिरातीला मजकुराची साथ असते. बोधचिन्हाला मात्र जे काही सांगायचे ते अंगठ्याएवढ्या जागेत सांगावे लागते.

नवी मुंबईत या कामाला तोटा नाही. तुर्भ्याच्या मसाला बाजारातले व्यापारी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले लघुउद्योग, ऐरोली आणि महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्या, वाशी-नेरूळचे दवाखाने आणि क्लासेस, खारघर-उलव्यात नव्याने उभ्या राहणाऱ्या सोसायट्या, सगळ्यांनाच लोगो हवा असतो. त्यांतल्या फार थोड्यांना जाहिरात संस्थेचा खर्च झेपतो. बाकीचे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, म्हणजे फ्रीलान्स, ग्राफिक डिझायनरकडे येतात. त्याच्याकडे ना संशोधन विभाग असतो, ना कॉपीरायटर. ग्राहकाशी बोलणे, कल्पना काढणे, रेखाटणे, छापखान्याशी डोके लावणे आणि शेवटी बिल वसूल करणे हे सगळे एकाच माणसाने करायचे असते.

कल्पना सुचण्याची वाट पाहत बसणे अशा माणसाला परवडत नाही. अनुभवी डिझायनरची सुरुवात म्हणून प्रश्नांपासून होते. ग्राहकाचे मागणे बहुधा ‘काहीतरी हटके करा’ इतकेच असते आणि त्यातून हाती काही लागत नाही. माल कोण घेते, गिऱ्हाईक फलक कुठून पाहते, शेजारच्या चार दुकानांचे रंग कोणते, नाव कुणी आणि का ठेवले, हे विचारल्यावर चित्र स्पष्ट होऊ लागते. मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी पहिल्या झटक्यात लाल मिरची किंवा खलबत्ता डोळ्यांसमोर येतो. पण त्याचा माल पोत्यांनी जातो आणि पोत्यावर स्टेन्सिलने मारलेला मार्का हीच त्याची बाजारातली खरी ओळख असते. तुटक कडांची, जागोजाग सांधे सोडलेली ती स्टेन्सिलची अक्षरे मिरचीच्या कुठल्याही चित्रापेक्षा त्या धंद्याबद्दल जास्त सांगतात. अशी गोष्ट दिसण्यासाठी डिझायनरला गाळ्यावर जाऊन उभे राहावे लागते. इंटरनेटवर ‘स्पाइस लोगो’ असे शोधून ती सापडत नाही.

तयार प्रतिमांचा मोह या शहरात विशेष मोठा आहे. 1970 मध्ये सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनींवर आखीव शहर उभे राहिले. जुन्या शहरांकडे वाडे, घाट, देवळांचे कळस अशी चित्रांची शिदोरी असते. नियोजित शहराला ती आयती मिळत नाही. त्यामुळे मिळालेली एखादी प्रतिमा सगळेच वापरू लागतात. नवी मुंबईत ती जागा फ्लेमिंगोने घेतली. ठाणे खाडीच्या पाणथळ जागी हिवाळ्यात उतरणारे हे गुलाबी पक्षी शहराचे मोठे वैभव आहेत. खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. भिंतींवरच्या चित्रांत आणि चौकातल्या शिल्पांत हा पक्षी शोभतो. पण शाळेच्या, इमारतीच्या आणि पतपेढीच्या बोधचिन्हातही तोच उभा राहिला, तर त्यांतल्या एकालाही त्यातून ओळख मिळत नाही. कमळाचेही तेच होण्याची चिन्हे आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या टर्मिनलचा आराखडा झाहा हदीद आर्किटेक्ट्सने कमळाच्या कल्पनेवर बेतला आहे. स्तंभ आणि छत यांच्या भव्य मापात ती कल्पना फुलते. तेच कमळ अर्ध्या इंचात आणले की ते हजार कमळांपैकी एक होऊन बसते.

वस्तूचे चित्र उचलण्यापेक्षा तिची रचना उचलणे हा अधिक कसाचा मार्ग. त्याचा उत्तम धडा बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मिळतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात रचलेल्या या वसाहतीत एका लहान चौकाभोवती सात घरे आहेत. असे तीन समूह एकत्र येऊन मोठा चौक तयार होतो आणि हीच रचना पुढे वाढत जाते. नकाशा वरून पाहिला तर एकच आकृतिबंध लहान-मोठ्या मापांत पुन्हा पुन्हा दिसतो. घराचे छप्पर किंवा खिडकी न काढताही ‘शेजार’ ही कल्पना आकारात कशी आणावी, हे तो नकाशा दाखवतो. एखाद्या सोसायटीचे किंवा सहकारी संस्थेचे चिन्ह करणाऱ्याने तो एकदा तरी नीट पाहावा.

अनावश्यक ते गाळत गाळत जाणे म्हणजे काय, हे समजायला खिशातली नोट पुरेशी आहे. 2016 नंतरच्या नव्या मालिकेतील नोटांवर दोन चिन्हे सापडतात आणि दोन्ही खुल्या स्पर्धांमधून आली आहेत. पहिले रुपयाचे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 15 जुलै 2010 रोजी ते मंजूर केले. स्पर्धेला तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या. निवड झाली डी. उदय कुमार यांच्या चिन्हाची. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, त्यांनी पीएच.डी.चा अभ्यास केला होता. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात मिसळतात, हे त्यांनी हेरले. वरची शिरोरेषा आणि तिला समांतर दुसरी रेषा यांमुळे तिरंग्याचा भास होतो आणि चलनचिन्हांत जगभर दिसणाऱ्या आडव्या रेघांशी नातेही जुळते. चिन्ह हाताने दोन-तीन फटक्यांत लिहिता येते. मंडईतल्या पाटीवर खडूने भाव लिहिणाऱ्याला ते जमते, आणि त्यापेक्षा कडक परीक्षा दुसरी नाही.

दुसरे चिन्ह नोटेच्या मागच्या बाजूला आहे, स्वच्छ भारत अभियानाचे. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. 2014 मध्ये सुरू झालेल्या या अभियानासाठी त्यांनी गांधीजींचा चष्मा निवडला. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’ आणि मधल्या दांडीला तिरंग्याचे रंग. या विषयावर झाडू, कचराकुंडी, हिरवे पान असे काही कुणालाही सुचले असते. इथे झाडूही नाही आणि गांधीजींचा चेहराही नाही. आपल्याकडे कुणीतरी पाहत आहे एवढी जाणीव चष्मा करून देतो आणि ती पाहणारी नजर कुणाची, हे सांगावे लागत नाही. मोठ्या शहरातल्या, मोठ्या संस्थेतल्या माणसालाच मोठे चिन्ह सुचते, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

स्पर्धेच्या पद्धतीबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. शेकडो जण राबतात आणि मोबदला एकाला मिळतो. राष्ट्रीय चिन्हासाठी ते समजून घेता येईल. पण खासगी व्यावसायिकांनीही ‘आधी चार डिझाइन पाठवा, आवडले तर पैसे देऊ’ म्हणणे म्हणजे फुकट काम करवून घेणे आहे.

आकार जितका साधा, तितकी अर्थांना जागा. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील शेखर कामत यांनी 1971 मध्ये केलेले भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह एक निळे वर्तुळ आहे. मध्ये छोटा गोल आणि तिथून खाली उतरणारी फट. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव, तर कुणाला मोठ्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असलेला सामान्य माणूस. डिझायनरला हे सगळे अर्थ ठरवून भरावे लागत नाहीत. ते सामावतील असा आकार शोधावा लागतो.

महाराष्ट्रातल्या डिझायनरपुढे आणखी एक काम असते, ते लिपीचे. राज्याने दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती केली आणि कामगारांची संख्या कितीही असो, फलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक केले. मराठी अक्षरे दुसऱ्या कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हीही अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर फलक भराभर बदलले. त्या घाईत पुष्कळ ठिकाणी इंग्रजी नाव डौलदार राहिले आणि शेजारी मराठी नाव हाताला लागेल त्या फॉण्टमध्ये बसवले गेले. एकाच दुकानाचे दोन चेहरे झाले.

देवनागरी अक्षर शिरोरेषेपासून खाली लोंबते, वर वेलांटी-मात्रा चढतात, खाली उकार उतरतात. रोमन मोठी अक्षरे दोन रेषांच्या मध्ये बसतात. दोन्ही नावांची एकूण उंची सारखी ठेवली, तर मराठी अक्षरांचे अंग बारीक दिसते, कारण उंचीचा बराच भाग मात्रा आणि उकार खातात. शिरोरेषा कशी ओढायची हाही नाजूक प्रश्न आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेतल्या तुटीवर उभा असतो. आधुनिक दिसावे म्हणून रेषा सरळ ओढली किंवा पूर्ण उडवली, तर ‘धन’चे ‘घन’ व्हायला वेळ लागत नाही. बोरूच्या तिरक्या टोकातून आलेली जाड-बारीक वळणेही देवनागरीची स्वतःची आहेत. रोमन अक्षरांचे तुकडे जोडून केलेली मराठी अक्षरे डोळ्याला खटकतात, ती त्यामुळेच.

सुदैवाने मराठी अक्षरांच्या परंपरेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावे, उदाहरणार्थ ‘मत्स्यगंधा’ किंवा ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, अनेक पिढ्यांनी वर्तमानपत्रात पाहिली. नाटकाची जात अक्षरांच्या वळणातूनच कळत असे. 2020 मध्ये त्यांचे निधन झाले. आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी सुलेखनाची दृष्टी संगणकाच्या अक्षरांपर्यंत नेली. विंडोजमधला ‘मंगल’ फॉण्ट त्यांचाच. नवी मुंबईत तर सुलेखनाची शाळाच आहे. मोडी लिपीचा अभ्यास करून तिचा वेग देवनागरीत आणणारे अच्युत पालव इथे शिकवतात. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तयार अक्षरांत मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉण्ट खुल्या परवान्याखाली मिळतात आणि व्यावसायिक कामातही चालतात. अशा फॉण्टपासून सुरुवात करून दोन-तीन अक्षरे हाताने घडवली, तरी नावाला स्वतःचे रूप येते.

कल्पना पक्की झाली की ती आधी काळ्या-पांढऱ्यात तपासावी. रंगाशिवाय जे उभे राहत नाही, ते रंगाने सावरत नाही. मग आकाराची कसोटी. तेच चिन्ह व्हॉट्सअॅपच्या गोल डीपीत, रबरी शिक्क्यात, गणवेशावरच्या भरतकामात, टेम्पोच्या दारावर आणि दुकानावरच्या अॅक्रिलिक अक्षरांत बसावे लागते. बारीक रेघा शिक्क्यात बुजतात, जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जातात. संगणकावर चमकणारा निळा फ्लेक्सवर जांभळट उतरतो, म्हणून छपाईचे रंग वेगळे ठरवून द्यावे लागतात. स्थानिक छपाईवाले बहुतेक कोरल ड्रॉवर काम करतात आणि मराठी फॉण्ट त्यांच्या संगणकावर नसला की मजकुराचा चुथडा होतो. फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरे ‘कर्व्ह’ करण्याचा, म्हणजे फॉण्टऐवजी त्यांच्या आकृत्याच पाठवण्याचा, रिवाज याच कारणाने पडला.

कायद्याची बाजू स्वतंत्र डिझायनरला स्वतःच माहीत असावी लागते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र लोगोत घालण्याची मागणी आपल्याकडे वारंवार होते. 1950 चा बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी असा वापर करू देत नाही. ग्राहकाला हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

मालकीबद्दलही गैरसमज आहेत. पैसे दिले की लोगो आपोआप आपला झाला, असे ग्राहक धरून चालतो. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाकडे जातो, पण फ्रीलान्स डिझायनरच्या कामाचा कॉपीराइट लेखी हस्तांतर झाले नाही तर साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एका पानाच्या करारात निम्मी रक्कम आगाऊ, करेक्शनच्या फेऱ्या किती, शेवटी कोणत्या फाइली मिळणार आणि पूर्ण रक्कम आल्यावर हक्क कायमचे ग्राहकाकडे जातील, एवढे लिहिले तरी दोघांचे भले होते. त्यानंतर ग्राहकाला 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदणी करता येते. व्यक्ती आणि लहान उद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला 4500 रुपये, इतरांसाठी 9000. माल आणि सेवा मिळून असे 45 वर्ग आहेत. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. अर्जापूर्वी सरकारी संकेतस्थळावर मिळतीजुळती चिन्हे शोधता येतात. हा शोध चिन्ह ग्राहकाला दाखवण्याआधीच डिझायनरने करावा, म्हणजे फलक बनल्यावर ते उतरवण्याची पाळी येत नाही.