सुतारांच्या भांडणातून सापडलेलं 'रेड लायन'

जुलै १५६७. लंडनच्या सुतारांच्या संघापुढे एक तक्रार आली. तक्रारदार जॉन ब्रेन हा किराणा मालाचा व्यापारी, आणि तक्रार होती विल्यम सिल्व्हेस्टर या सुताराविरुद्ध. 'रेड लायन' नावाच्या जागी सिल्व्हेस्टरनं प्रेक्षकांसाठी जी मचाणं उभारली होती, त्यांचं काम ब्रेनला पसंत नव्हतं. संघानं चार जाणत्या सुतारांना पाहणीला पाठवायचं ठरवलं. ते दाखवतील त्या उणिवा सिल्व्हेस्टरनं दुरुस्त करायच्या, आणि सॅमसनच्या कथेवरचं नाटक तिथे एकदा पार पडलं की ब्रेननं त्याचे ८ पौंड १० शिलिंग चुकते करायचे, असा तोडगा निघाला.

मचाणांवरून झालेली एवढीशी कुरबुर, पण संघाच्या वहीत ती नोंदली गेली, आणि इंग्लंडच्या रंगभूमीच्या इतिहासाला एक तारीख मिळाली. पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकांसाठी मुद्दाम उभारलेलं लंडनमधलं आजवर ज्ञात असलेलं सगळ्यांत जुनं नाट्यस्थळ म्हणजे हे रेड लायन. शेक्सपियर तेव्हा तीन वर्षांचा होता. ब्रेनची बहीण एलन ही जेम्स बर्बेजची बायको. या मेहुण्या-मेहुण्यांनी पुढे १५७६ मध्ये शोरडिचला 'द थिएटर' बांधलं. त्याचीच लाकडं १५९८ च्या अखेरीस उतरवून थेम्सपलीकडे नेली आणि त्यांतून १५९९ मध्ये 'ग्लोब' उभं राहिलं. जगभरचे नाट्यवेडे ज्या ग्लोबच्या ओढीनं लंडन गाठतात, त्याची वंशावळ मागे मागे नेली तर ती ब्रेनच्या या उपद्व्यापाशी येऊन थांबते.

पण हे रेड लायन होतं कुठे? कागद सांगत होते ते इतकंच : लंडनच्या पूर्वेला, माइल एंडच्या बाजूला, व्हाइटचॅपलच्या हद्दीत. त्या नावावरून माग काढणं कठीण, कारण रेड लायन हे इंग्लंडमधल्या सराया आणि पबांचं अगदी सरसकट आढळणारं नाव. एलिझाबेथच्या काळात सरायांच्या अंगणांत नाटकं होत असत, त्यामुळे हीसुद्धा रस्त्याकाठची एखादी सराई असणार, असं अभ्यासकांनी गृहीत धरलं होतं.

१९८३ मध्ये या चित्रात मोठी भर पडली. जॅनेट लोएनगार्ड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी किंग्ज बेंच न्यायालयाच्या दप्तरातून १५६९ चा एक खटला शोधून 'शेक्सपियर क्वार्टर्ली'त प्रसिद्ध केला. फिर्यादी पुन्हा ब्रेनच. या वेळी कचाट्यात सापडला होता जॉन रेनल्ड्स हा दुसरा सुतार. त्यानं करार पाळला नाही, असा ब्रेनचा दावा होता. सुताराशी केलेला करार म्हणजे त्यात मापं आलीच. रंगमंच दक्षिणोत्तर ४० फूट, पूर्वपश्चिम ३० फूट, जमिनीपासून ५ फूट उंच. शिवाय लाकडी मनोरा, ३० फूट उंचीचा, आणि त्याच्या माथ्याखाली ७ फुटांवर एक तक्तपोशी. रंगमंचाचा काही भाग ब्रेन सांगेल तसा फळ्या न ठोकता मोकळा सोडायचा, हेसुद्धा त्यात आहे. तिथून काही वर येणार होतं की कुणी खाली गडप होणार होतं, याची कल्पना करताना आजही अंगावर शहारा येतो. याच कागदांतून कळलं की त्या वेळी रेड लायन हे शेतघर होतं आणि रंगमंच त्याच्या अंगणात बांधायचा होता.

मापं हाती आली, जागा मात्र नाहीच. त्यातून मनोरा आडव्या तुळयांवर ठेवायचा, असं करारात होतं. खोल पाया न घेता उभं केलेलं लाकूडकाम साडेचारशे वर्षं मातीत तग धरेल, अशी आशा तरी कुणी धरावी?

ती आशा २०१९ मध्ये फळाला आली. व्हाइटचॅपलला ८५, स्टेपनी वे या पत्त्यावर नवं बांधकाम व्हायचं होतं. त्याआधी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या 'आर्किऑलॉजी साउथ-ईस्ट' या पथकानं स्टीफन व्हाइट यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केलं. मातीतून एक आयताकृती लाकडी बांधणी वर येऊ लागली. तिचं माप भरलं सुमारे सव्वाबारा मीटर लांब आणि सव्वानऊ मीटर रुंद. फुटांत सांगायचं तर जवळजवळ ४० बाय ३०. रेनल्ड्सनं जे माप कबूल केलं होतं, तेच. बांधणीच्या भोवती खांबांचे खड्डेही दिसले, म्हणजे प्रेक्षकांची मचाणं जिथे असावीत तिथेच.

माझ्या मते खरा थरार मोजपट्टी आणि दप्तर यांच्या या भेटीत आहे. लोएनगार्ड यांनी वाचलेला कागद नसता, तर स्टेपनी वेची ती लाकडं एखाद्या कोठाराची म्हणून नोंदवून वर काँक्रीट ओतलं गेलं असतं. आणि ती लाकडं मिळाली नसती, तर कागदावरचा रंगमंच आणखी शंभर वर्षं बेपत्ता राहिला असता.

सराईचा धागाही अखेर खोटा ठरला नाही. त्याच जागी पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इमारतींचे अवशेष मिळाले. त्यांतूनच पुढे सतराव्या शतकातली रेड लायन सराई आकाराला आली. बिअर साठवायची तळघरं निघाली; प्याले, बाटल्या, मग निघाले. त्यांतल्या एका मगवर दुसऱ्या चार्ल्स राजाची मुद्रा आहे. शेतघर, नाट्यस्थळ आणि मग सराई, असे या जागेचे थर एकमेकांवर चढत गेले होते.

जून २०२० मध्ये हा शोध जाहीर झाला, तेव्हा जग महामारीत अडकलेलं होतं आणि थिएटरं बंद होती. नावाची पाटी मातीतून निघालेली नाही, म्हणून 'हेच ते रेड लायन' असं शपथेवर कुणी म्हणणार नाही. पण माप जुळतं, परिसर जुळतो, काळ जुळतो, आणि त्याच जागी पुढे रेड लायन नावाचीच सराई होती. इतके पुरावे एका बाजूला उभे असताना विरुद्ध बाजूनं बोलायला फारसं काही उरत नाही, हे माझं स्पष्ट मत.

लंडनला जाणारे आपले लोक ग्लोब बघतातच. त्यांना एक आग्रहाची विनंती : एलिझाबेथ लाइननं व्हाइटचॅपल स्टेशनला उतरा, रॉयल लंडन हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला जा आणि स्टेपनी वे बघा. ग्लोबची गोष्ट तिथून सुरू होते.