दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

पॉडकास्टमध्ये हा किस्सा मी ओझरता सांगितला होता. आकडे नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत, म्हणून इथे नीट लिहितोय.

मिनेसोटातला जानेवारी, उणे २४ अंश सेल्सिअस. पीएचडीचं चौथं वर्ष, सेकंडहँड गाडी. किल्ली फिरवली तर नुसतंच टकटकटकटक. बॅटरी दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमधून नवी बसवून घेतली होती. त्यांनाच फोन केला, तर म्हणाले, बॅटरी नवी आहे ना, मग स्टार्टर गेला असणार. म्हणजे आपण घरी ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो. खर्च ४५० डॉलर. तेवढ्यात माझा महिन्याचा किराणा येऊन वर पैसे उरायचे. धक्का मारावा, तर गाडी ऑटोमॅटिक.

अशा वेळी आधी आवाज ऐका. इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ बहुधा निर्दोष. पेट्रोल, स्पार्क किंवा चावी न ओळखणारा इमोबिलायझर यांकडे बघा. काहीच आवाज नाही, तर गिअर न्यूट्रलला टाकून एकदा प्रयत्न करा. आणि माझ्यासारखी टकटक असेल, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाहीये. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, की पुन्हा तेच.

"पण दिवे तर झकास लागतायत!" मलाही हेच वाटलं होतं. इथे शाळेतला ओहमचा नियम उपयोगी पडतो. समजा, वाटेत कुठेतरी ०.०४ ओहम इतका किरकोळ रोध आहे. हेडलाइटना साधारण १० अँपिअर लागतात, म्हणजे तिथे ०.४ व्होल्ट जातील. डोळ्यांना कळणारही नाही. सेल्फने १५० अँपिअर मागितले, तर त्याच जागी ६ व्होल्ट जातील. बारातले निम्मे! आणि थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फची मागणी वाढते, त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी होतो. नोव्हेंबरमध्ये खपून गेलेला रोध जानेवारीत उघडा पडतो तो असा.

स्वस्तातला मल्टिमीटर आणला. बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर १२.५ व्होल्ट, पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास दिसतात. मग रूममेटला किल्ली फिरवायला सांगितली. कमजोर बॅटरी अशा वेळी साडेनऊच्याही खाली घसरते. माझी बाराच्या वरच राहिली. म्हणजे बॅटरीकडे करंट होता, पण तो बाहेर पडत नव्हता.

आता महत्त्वाचं माप. मीटरची एक पिन खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे किल्ली फिरवतानाही मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. पॉझिटिव्हवर तसंच होतं. निगेटिव्हवर आकडा टकटकीच्या तालावर नाचत होता, आणि चारच्याही वर जात होता.

क्लॅम्प काढला (निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा). आत पांढुरकं-राखाडी किटण. नव्या बॅटरीला जुना क्लॅम्प न घासताच बसवला होता. हातमोजे घालून पाना धरता येईना, ते काढले तर बोटं बधिर. तारेच्या ब्रशने दहा मिनिटं घासलं, घट्ट आवळलं, किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू.

गॅरेजला परत फोन केला नाही. मल्टिमीटर मात्र अजूनही डिकीत आहे.