विश्लेषण : रूळ तेच, पाटी नवी! थीम पार्कमधल्या ‘नव्या’ राइडमध्ये नवे काय असते?

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेचे ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ हे पार्क आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या रोलरकोस्टरचे नाव जानेवारी २०१८ पर्यंत ‘कॅलिफोर्निया स्क्रीमिन’ होते. त्याच वर्षी जूनमध्ये तो ‘इन्क्रेडिकोस्टर’ या नावाने पुन्हा सुरू झाला. ६,०७२ फुटांचा रूळ तोच, सुरुवातीलाच ताशी ५५ मैलांवर नेणारा झटका तोच, माणसाला उलटे करणारे एकमेव वर्तुळही तेच. बदलले ते रंग, संगीत, रांगेतील सजावट, रुळांवर घातलेले काही बोगदे आणि ‘द इन्क्रेडिबल्स’ चित्रपटातील कुटुंबाचे पुतळे. त्या चित्रपटाचा दुसरा भाग अमेरिकेत १५ जूनला प्रदर्शित झाला आणि राइड २३ जूनला उघडली. तारखा पाहिल्या की नामांतराचे कारण वेगळे विचारावे लागत नाही.

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आई-वडील असोत की टूर कंपनीबरोबर गेलेले कुटुंब, डिस्नेलँडची वारी बहुतेकांच्या कार्यक्रमात असते. गर्दीच्या दिवसांत तिथे एका दिवसाच्या तिकिटाचा दर २०० डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे माणशी सतरा-अठरा हजार रुपये. इतके पैसे मोजल्यावर ‘नवी राइड’ या दोन शब्दांत नवे किती, हे विचारायला हवे.

रूळ का बदलत नाहीत?

मोठा रोलरकोस्टर नव्याने उभारायचा तर जमिनीखालचा पाया, पोलादी सांगाडा, गाड्या, ब्रेक, नियंत्रण यंत्रणा, चाचण्या असा सगळा व्याप असतो. त्याला कोट्यवधी डॉलर आणि काही वर्षे लागतात. प्रेक्षक मात्र दर हंगामात ‘यंदा काय नवीन?’ असे विचारतो. जाहिरात विभागाला त्याचे उत्तर हवे असते. मग सांगाडा तसाच ठेवून गोष्ट बदलायची. वरील रोलरकोस्टरसाठी हे काम साडेपाच महिन्यांत उरकले.

त्याच पार्कमधला मोठा आकाशपाळणा तर आता तिसऱ्या नावाने फिरतो आहे. २००१ मध्ये पार्क सुरू झाले तेव्हा तो ‘सन व्हील’ होता आणि त्यावर सूर्याचा चेहरा होता. २००९ मध्ये तो ‘मिकीज फन व्हील’ झाला, सूर्य गेला, मिकी आला. २०१८ मध्ये ‘पॅराडाइज पियर’ या संपूर्ण परिसराचेच ‘पिक्सार पियर’ झाले आणि पाळण्याचे ‘पिक्सार पॅल-अ-राउंड’. २४ पाळणे होते तितकेच आहेत, त्यांपैकी १६ पूर्वीसारखेच रुळावरून पुढे-मागे घसरतात. गंमत म्हणजे पिक्सारच्या या चाकावर मिकीचा चेहरा अजूनही आहे.

ड्रॅगनची झुंज कधी संपली?

नाव आणि राइड यांची फारकत किती होऊ शकते, याचा सर्वांत बोलका नमुना फ्लोरिडातील ऑरलँडोमध्ये, युनिव्हर्सलच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’मध्ये सापडतो. १९९९ मध्ये तिथे ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ सुरू झाला. एक अग्नीचा ड्रॅगन, एक बर्फाचा. दोन स्वतंत्र रूळ, खाली पाय लोंबकळत ठेवून बसलेले प्रवासी. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटायच्या आणि काही ठिकाणी समोरासमोर येऊन जेमतेम १८ इंचांच्या अंतरावरून निसटायच्या. लोक रांगा लावायचे ते या झुंजीसाठी.

२०१० मध्ये शेजारी हॅरी पॉटरची जादूनगरी उभी राहिली. रोलरकोस्टर तिच्या हद्दीत आला आणि त्याचे नाव ‘ड्रॅगन चॅलेंज’ झाले. अग्नी आणि बर्फाच्या जागी पॉटरच्या कथेतले ‘चायनीज फायरबॉल’ आणि ‘हंगेरियन हॉर्नटेल’ आले. रांगेचा मार्ग सजला, पण रूळ जागचा हलला नाही. लहान मुलांसाठी असलेल्या ‘फ्लाइंग युनिकॉर्न’चेही असेच ‘फ्लाइट ऑफ द हिप्पोग्रिफ’ झाले.

खरा बदल झाला तो पुढच्या वर्षी. प्रवाशांना सैल वस्तू लागून इजा झाल्याच्या घटनांनंतर २०११ मध्ये दोन्ही गाड्या एकत्र सोडणे कायमचे बंद झाले. समोरासमोर येणे संपले, म्हणजे राइडचा प्राणच गेला. पण तेव्हा पाटी बदलली नाही. राइड जशीच्या तशी होती तेव्हा नवे नाव मिळाले आणि राइड मुळातून बदलली तेव्हा नाव तेच राहिले! सप्टेंबर २०१७ मध्ये तो रोलरकोस्टर बंद झाला. त्या जागी २०१९ मध्ये हॅग्रिडच्या मोटारसायकलची राइड आली. ती मात्र नावासकट खरोखर नवी आहे.

करार संपला की नावही जाते

प्रत्येक नामांतरामागे जाहिरातच असते असे नाही. कधी हात कायद्याने बांधलेले असतात. २००६ मध्ये ‘सीडर फेअर’ या कंपनीने ‘पॅरामाउंट पार्क्स’ ही पार्कची साखळी विकत घेतली. पोलाद आणि जमीन मिळाली, चित्रपटांची नावे मात्र कायमची मिळाली नाहीत. २००८ पर्यंत पाट्या उतरू लागल्या. ‘द इटालियन जॉब’चे ‘बॅकलॉट स्टंट कोस्टर’ झाले, ‘टूम रेडर’चे ‘द क्रिप्ट’ झाले.

‘टॉप गन’ची कहाणी अधिक रंजक आहे. साखळीतील चार पार्कमध्ये या नावाचे रोलरकोस्टर होते. एकाचे ‘आफ्टरबर्न’ झाले आणि उरलेल्या तिघांना सरसकट ‘फ्लाइट डेक’ म्हटले गेले. हे तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या तंत्राने बांधलेले. म्हणजे एकीकडे एका राइडला तीन नावे, दुसरीकडे तीन राइडना एक नाव. त्यांपैकी ओहायोतील किंग्ज आयलंडच्या ‘फ्लाइट डेक’ला २०१४ मध्ये पुन्हा रंग देऊन ‘द बॅट’ नाव मिळाले. हे नावही उसनेच. त्याच पार्कमध्ये १९८१ मध्ये सुरू होऊन अल्पावधीतच बंद पडलेल्या दुसऱ्याच रोलरकोस्टरचे ते नाव होते. जुन्या प्रेक्षकांना यात जिव्हाळा वाटला असेल. नव्याने नोंदी वाचणाऱ्याचा गोंधळ मात्र ठरलेला.

आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले ‘ॲडलॅब्ज इमॅजिका’ आज नुसते ‘इमॅजिका’ आहे. ‘ॲडलॅब्ज’ गेले आणि इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ‘ए’ आला, जो मराठीत लिहिताना दिसतही नाही. २०२२ मध्ये मालकी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. तिथला ‘नायट्रो’ रोलरकोस्टर त्याच नावाने धावतो.

मग सगळी नामांतरे वरवरचीच?

तसे म्हणता येणार नाही. ‘स्प्लॅश माउंटन’ ही डिस्नेची पाण्यातील राइड १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातील पात्रांवर बेतलेली होती. त्या चित्रपटातील कृष्णवर्णीयांचे चित्रण इतके वादग्रस्त ठरले, की डिस्नेने तो अमेरिकेत घरगुती व्हिडिओवर कधीच आणला नाही. त्याच चित्रपटावरची राइड मात्र १९८९ पासून जोरात चालू होती. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये तिची ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ झाली. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. पाण्याची वाट आणि शेवटची उंच उडी तीच आहे, पण आतली पात्रे, गाणी, देखावे बदलले. फ्लोरिडातील राइड त्यासाठी १७ महिने बंद होती. नव्या कथेत दम कमी आहे, अशी तक्रार अनेकांनी केली. तरीही नुसती पाटी बदलली, असे इथे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

‘टॉवर ऑफ टेरर’चे प्रकरण या दोन टोकांच्या मधले आहे. कॅलिफोर्नियातील हा पडणाऱ्या लिफ्टचा मनोरा मे २०१७ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी : मिशन ब्रेकआउट’ झाला. इमारत आणि यंत्रणा जुनीच. पण सहा गाण्यांपैकी कोणते लागते त्यानुसार लिफ्ट पडण्याचा क्रम बदलतो. दुसऱ्यांदा बसणाऱ्याला फरक जाणवतो. याउलट टोकियोत ‘टॉवर ऑफ टेरर’ हे नाव आहे, पण गोष्ट अमेरिकेतल्यापेक्षा पूर्ण निराळी आहे.

नावावरून काय कळेनासे होते?

इथे पैशांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा येतो. ‘स्क्रीमिन’ म्हणजे किंचाळणे, ‘टेरर’ म्हणजे दहशत, ‘मेलस्ट्रॉम’ म्हणजे समुद्रातला भोवरा. ही नावे भडक असतील, पण आत काय आहे याची कल्पना देणारी होती. त्यांच्या जागी कार्टूनमधले बाळ, बोलणारा रॅकून आणि बर्फाची राणी आली, की तीच राइड लहान मुलांची वाटू लागते. फ्लोरिडातील एपकॉट पार्कमधली ‘मेलस्ट्रॉम’ २०१६ मध्ये ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ झाली. त्याच होड्या आजही मध्येच उलट्या दिशेने जातात आणि उतारावरून खाली घसरतात. एल्साचे गाणे ऐकायला मांडीवर आलेले पोर तिथे दचकते. पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असलेले आजोबा नातवाच्या हट्टाखातर ‘कार्टूनची राइड’ म्हणून रोलरकोस्टरच्या रांगेत उभे राहिले, तर प्रश्न दचकण्यापुरता राहत नाही.

म्हणून रांगेत शिरण्यापूर्वी पाटीवरचे नाव सोडून बाकीचे वाचावे. राइड किती काळ बंद होती, हा एक चांगला अंदाज आहे : पाच महिने असेल तर बहुधा रंगरंगोटी, दीड-दोन वर्षे असेल तर काहीतरी मोठे काम. रोलरकोस्टर असेल तर ‘रोलर कोस्टर डेटाबेस’ या १९९६ पासूनच्या इंटरनेटवरील सूचीत त्याची आधीची नावे मोफत पाहता येतात. आणि प्रवेशद्वाराशी उंची मोजायची पट्टी असते, तिच्याशेजारी आरोग्यविषयक इशारे असतात. नावे बदलली तरी हे आकडे सहसा बदलत नाहीत. मनोऱ्यासाठी किमान उंची ४० इंच होती, आजही तितकीच आहे. ‘इन्क्रेडिकोस्टर’साठी ४८ इंच लागते. ‘स्क्रीमिन’साठीही ४८ इंचच लागायची.