लाकडी गाठ

पावसाळा सुरू झाला की मांडवा बंदराचे रूप पालटते. अलिबाग तालुक्यातील या बंदरात एरवी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचची सतत ये-जा असते. परंतु समुद्र खवळला की ती बंद ठेवावी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात आणि मुलांचे खेळ अंगणातून ओटीवर येतात. अशाच एखाद्या दुपारी आजोबांच्या कपाटातील लाकडी कोडे एखाद्या मुलाच्या हाती लागते. सहा आखूड काठ्या मधोमध एकमेकींत घट्ट गुंतलेल्या. ना खिळा, ना सरस! मुलगा एक काठी सहज दाबतो. ती सरकते, आणि पाहता पाहता सहाही काठ्या जमिनीवर विखुरतात. सोडवण्यास एक मिनिटही लागत नाही; जोडण्यास मात्र दुपार अपुरी पडते. दिवेलागण होते, तरी काठ्या तशाच पडलेल्या असतात. आता आजोबांना काय सांगावे? आपली बुद्धीच तोकडी, असे त्याला वाटू लागते. पण ते खरे आहे काय?

हे कोडे जगात पुष्कळ ठिकाणी परिचित आहे. चीनमध्ये त्याला लू बान या प्राचीन सुताराचे कुलूप म्हणतात. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘सैतानाची गाठ’ असे आहे. त्याची रचना अशी असते : सहा काठ्यांच्या तीन जोड्या असतात. एक जोडी आडवी, दुसरी उभी आणि तिसरी त्या दोहींना छेदून समोरून मागे जाणारी. तिन्ही जोड्यांची गाठ मध्यभागी पडते. परंतु एकाच जागी दोन वस्तू राहू शकत नाहीत. म्हणून काठ्यांना मध्यभागी निरनिराळ्या खाचा पाडलेल्या असतात. एकीच्या खाचेत दुसरीचा उरलेला भाग बसतो. पुष्कळ कोड्यांत एका काठीला मात्र खाच मुळीच नसते. ही या कुलपाची किल्ली होय. ती सर्वांत शेवटी आत सरकते आणि गाठ आवळली जाते.

आता थोडे गणित करून पाहू. सहा निराळ्या काठ्या सहा जागी ७२० प्रकारे मांडता येतात. शिवाय प्रत्येक काठी आपल्या अंगाभोवती चार प्रकारे फिरवता येते आणि टोकांची अदलाबदल करून पुन्हा चार प्रकारे. म्हणजे एका जागी तिच्या आठ स्थिती संभवतात. सहा काठ्या मिळून या स्थिती २,६२,१४४ होतात. त्यांना ७२० ने गुणले की १८ कोटींहून मोठी संख्या येते. सबंध कोडे हातात फिरवले असता ज्या रचना एकच ठरतात, त्या वगळल्या तरी १,५७,२८,६४० रचना उरतात. दर सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता, न जेवता, या सर्व रचना करून पाहायच्या म्हटले, तर सुमारे सहा महिने लागतील! एका दुपारी ज्याला यश आले नाही, त्याला मंदबुद्धी कसे म्हणावे?

खाचा पाडण्याच्या पद्धतीही असंख्य आहेत. अमेरिकेतील गणितज्ञ बिल कटलर यांनी संगणकाच्या साहाय्याने त्यांचा शोध घेतला. आत मुळीच पोकळी न राहता सहा काठ्या १,१९,९७९ प्रकारे जुळू शकतात, हे त्यांचे संशोधन १९७८ साली प्रसिद्ध झाले. पुढे पोकळी राहणाऱ्या रचनाही त्यांनी मोजल्या. १९९० साली पूर्ण झालेल्या या मोजणीत एकूण आकडा ३५ अब्जांच्या वर गेला!

मग मार्ग कोणता? आंधळेपणाने काठ्या खुपसत बसण्यापेक्षा त्यांचे निरीक्षण करणे हाच. प्रथम सर्व काठ्या ओळीने मांडाव्यात. बिनखाचेची काठी बाजूला ठेवावी. तिचे काम शेवटी आहे. मग कोणत्या खाचेत काय मावेल हे पाहून एकेक जोडी जुळवावी, आणि किल्लीसाठी मधली वाट मोकळी राहते की नाही, याकडे लक्ष ठेवावे. नियम एकच : जे सर्वांत आधी निघाले, ते सर्वांत शेवटी बसते.

हा नियम सुतारांना पूर्वापार ठाऊक आहे. जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया खाचांत अशाच गुंतवलेल्या असतात. पुण्यातील कोथरूड येथील मस्तानी महाल सोडवून त्याचे भाग पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा जोडण्यात आले. ते तर महालाएवढे कोडेच म्हणावयाचे! अशा कामात जाणते कारागीर एखादा भाग उतरवण्यापूर्वी त्यावर खूण करतात. कारण मोडताना जो क्रम ध्यानात ठेवत नाही, त्याला जोडताना तो नव्याने शोधावा लागतो.

मांडव्याच्या त्या मुलाच्या हातून हीच खूण राहून गेलेली असते. तरीही तो धीर सोडत नाही. दुसऱ्या दिवशी काठ्या ओळीने मांडून तो त्या न्याहाळू लागतो. कित्येक प्रयत्नांनंतर पाच काठ्या जागच्या जागी बसतात आणि मध्ये एक चौकोनी वाट दिसू लागते. तीत तो किल्ली हलकेच सरकवतो. गाठ आवळली जाते. मग तो कोडे कपाटात ठेवतो काय? छे! तो पेन्सिल शोधून आणतो, कोडे पुन्हा सोडवतो, आणि या खेपेस मात्र निघणाऱ्या प्रत्येक काठीवर क्रमाने आकडा घालतो.