उभ्याने काढायचा नकाशा

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी. तिच्याखाली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक कंडक्टरकाका बसलेत. पोटरीवर फुगलेल्या शिरांची वेटोळी, घोट्याजवळ काळवंडलेली कातडी. सर्जननी सांगितलंय, 'आधी पायाचा डॉपलर काढून आणा.' शीर तर नुसत्या डोळ्यांना दिसतेय, मग मशीन कशाला, हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. पण ओल आपल्या भिंतीवर दिसते आणि पाइप फुटलेला असतो वरच्या मजल्यावर, तसंच हे. शिरांमधल्या झडपा रक्ताला वरच्याच दिशेने जाऊ देतात. त्या निकामी झाल्या की रक्त उलटं खाली उतरतं आणि पोटरी फुगते. मूळ गळती मात्र जांघेत असेल, गुडघ्याच्या लवणीत असेल, नाहीतर वरवरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या एखाद्या फांदीत.

तपासणी उभ्याने होते, कारण आडवं झालं की शिरा रित्या होतात आणि गळती लपते. काका स्टुलावर चढतात. विठोबासारखे पाय जुळवून नाही, सगळा भार दुसऱ्या पायावर. जांघेत प्रोब टेकला की पडद्यावर तीन वर्तुळं येतात: धमनी, खोल शीर आणि सॅफेनस, म्हणजे पायातली वरवरची मुख्य शीर. डॉक्टर मंडळी याला चक्क मिकी माऊस म्हणतात! खाली मांडीत सॅफेनस दोन पातळ पडद्यांच्या मधे डोळ्यातल्या बुबुळासारखी दिसते. त्या डोळ्याबाहेरची शीर कितीही जाड असो, ती फांदीच. शीर बंद करणारी लेसरची तार सरळ खोडात सरकते, वेड्यावाकड्या फांदीत अडकते, म्हणून हा फरक आधी कळायला हवा.

मग डॉक्टर मोकळ्या हाताने पोटरी दाबतात आणि सोडतात. रक्त वर उसळतं. निरोगी शिरेत ते तिथेच थांबतं. काकांच्या शिरेत पडद्यावरचा रंग पालटतो आणि पालटलेलाच राहतो. अशा वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप गेली. खोल शिराही दाबून पाहतात: निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. खोल रस्ता बंद असेल तर या वेड्यावाकड्या शिराच रक्ताची पर्यायी वाट असू शकतात. त्या काढल्या तर पायाचं नुकसानच.

सगळ्यात चकवा देते ती लवण. तिथली छोटी सॅफेनस खोल शिरेला कुठे मिळेल याचा नेम नाही. कुणाची लवणीच्या घडीच्या जरा वर, कुणाची बरीच वर, आणि कुणाची मिळतच नाही, तशीच मांडीत चढते. शेजारी मज्जातंतू. इथे अंदाजाने सुरी चालवणं मला तरी धाडसच वाटतं. सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅफेनस बांधली ती हाताच्या आणि नजरेच्या भरवशावर. दुसरं साधन नव्हतंच.

या तपासणीला ज्यांचं नाव आहे त्या डॉपलर यांनी 1842 मध्ये प्राग इथे आपलं तत्त्व मांडलं ते ताऱ्यांच्या रंगांविषयी. चित्र आणि प्रवाह एकाच यंत्रात दाखवणारा ड्यूप्लेक्स 1970 च्या दशकात सिएटलमध्ये स्ट्रॅन्डनेस यांच्या चमूने घडवला. 2005 मध्ये छापून आलेल्या एका स्वीडिश चाचणीत, आधी ही तपासणी केलेल्यांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी आली.

शेवटी डॉक्टर मार्कर उचलतात. जांघेत फुली, लवणीत फुली, पोटरीवर दोन ठिपके, मधून रेघ.

"काका, उद्या आंघोळ करताना हे घासून काढू नका."